पाच मिनिटांचं पॅकेज

संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली की हडपसरच्या त्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, कल्याणी ओव्हाळच्या कॉम्प्युटरवर निरोप यायचा: "निघालीस का? – दादा." इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, तेव्हा दोन हजार सातमध्ये सगळेच लिहायचे तसं. रविवार सोडून रोज यायचा. आणि दादाला जाऊन तीन महिने झाले होते.

आता यात भूतबीत काही नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच दिवे बारीक करून बसायला नको. कल्याणीला तर ते तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं, कारण ती त्या कंपनीचा सर्व्हर सांभाळायची. तो निरोप कुठला प्रोग्राम पाठवतो, कुठल्या फायलीत लिहिलाय, किती वाजता सुटतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सहा वाजून चार मिनिटांनी हातातलं काम टाकून पडद्याकडे बघत बसणं वेगळं. ती रोज बघत बसायची.

दादा म्हणजे प्रज्ञेश, तिचा सख्खा मोठा भाऊ. त्यानंच तिला या कंपनीत चिकटवलं होतं. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटला "उद्या दहा वाजता या" असा एसएमएस आपोआप पाठवायचा, हा तिचा मोठा धंदा. सर्व्हरवर लिनक्स आणि सर्व्हरच्या खोलीत हे दोघं. खडकीहून सकाळी एका मोटारसायकलवर यायचे, संध्याकाळी एका मोटारसायकलवर जायचे. वडील, भीमराव, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, आणि त्यांची शिस्त दादात पुरेपूर उतरलेली. सर्व्हरवर कुणी हातानं एखादी फाईल नुसती टाकलेली त्याला खपायची नाही. प्रोग्राम आणि त्याच्या फायली एका गाठोड्यात, म्हणजे पॅकेजात, बांधूनच आत घालायच्या.

"पॅकेज बांध," तो म्हणायचा. "दोन ओळींचं काम असलं तरी पॅकेज बांध. त्याला नाव दे, ते कशासाठी आहे ते लिही, कुणावर अवलंबून आहे ते लिही, काय बदल केले त्याची तारखेसकट नोंद ठेव. म्हणजे उद्या काढायची वेळ आली तर काय काढायचं ते कळतं. नाहीतर घर सोडून गेलेल्या भाडेकरूसारखं होतं, दहा वर्षांनी माळ्यावर त्याची ट्रंक सापडते."

कल्याणी तोंड वेंगाडायची आणि पॅकेज बांधायची.

तर दादा सहाच्या ठोक्याला खाली उतरायचा, गेटसमोर गेनबाच्या टपरीवर कटिंग मागवायचा आणि गाडीवर आडवा बसून बहिणीची वाट बघायचा. बहीण काही वेळेवर उतरायची नाही. रोज फोन करून करून तो वैतागला, आणि शेवटी त्यानं एक पॅकेज बांधलं. सहा पाचला सर्व्हरनं कल्याणीच्या कॉम्प्युटरवर विचारायचं, निघालीस का? तिनं जे उत्तर लिहिलं ते पेशंटच्या एसएमएसच्या मशीनवरून दादाच्या मोबाइलवर जायचं. "आले" असं लिहीपर्यंत किंवा कॉम्प्युटर बंद करीपर्यंत दर दहा मिनिटांनी, फार तर रात्री दहापर्यंत, पुन्हा तोच प्रश्न. घरचा माणूस पिच्छा पुरवतो ना, अगदी तसं.

कल्याणी रोज "पाच मिनिटं" असं लिहायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी उतरायची. मग तिला वाटलं, रोज तेच उत्तर द्यायचं, तर आपणच कशाला टाइप करायचं? तिनंही एक पॅकेज बांधलं. दादाचा प्रश्न आला की दोन मिनिटं थांबायचं आणि "कल्याणी: पाच मिनिटं" असं पाठवून द्यायचं. दोन मिनिटं अशासाठी, की लगेच उत्तर गेलं तर दादा ओळखेल, तो काय लेचापेचा नव्हता. हे पॅकेज दादाच्या पॅकेजवर अवलंबून आहे, असं तिनं रीतसर लिहिलं. 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं, "दादाला गप्प करण्यासाठी." आणि एकटीच खो खो हसली.

दादाला ते कधीच कळलं नाही. कळलं असतं तर त्यानं आधी तिचा कान पिरगाळला असता आणि मग पॅकेज नीट बांधलंय का ते तपासलं असतं.

त्या दिवशी, ऑगस्टातल्या एका गुरुवारी, कल्याणी तीन वाजता ऑफिसातून सटकली. हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत मुलाखत होती. दादाला सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमतच नव्हती. "मी इथे घेऊन आलो आणि तू मलाच सोडून चाललीस" असं तो तोंडानं म्हणाला नसता, पण आठ दिवस गप्प बसला असता. कुणाला संशय येऊ नये म्हणून तिनं कॉम्प्युटर चालू ठेवला, खुर्चीवर ओढणी टाकली. सहापर्यंत परत येऊ असा हिशोब होता. पुण्यात असला हिशोब कुणाचा कधी जमलाय?

सहा पाचला ती विद्यापीठ चौकात रिक्षात अडकली होती. तिनं घड्याळ बघितलं आणि तिला आठवलं, आपलं पॅकेज आहे की! ते उत्तर देत असेल. आणि तिला हायसं वाटलं. ती चक्क गालातल्या गालात हसली. हे तिनं पुढे तीन महिने कुणालाही सांगितलं नाही, स्वतःशीही ते नीट उच्चारलं नाही.

ती गेटवर पोचली तेव्हा साडेसात व्हायला आले होते. शेजारच्या बांधकामावरचा पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरला अंधारात गाडीवर बसलेला माणूस दिसला नव्हता. दहा मिनिटांपूर्वी. ती गर्दीतून पुढे घुसली. रस्त्यावर दादाचा मोबाइल पडला होता, काच तडकलेला, पण जिवंत. तो वाजला. पडदा उजळला. एका हवालदारानं तो उचलला, वाचला आणि म्हणाला, "कुणी कल्याणी आहे. पाच मिनिटं म्हणतीय." मग त्यानं बॅटरी काढून ठेवली.

घरी तिनं एवढंच सांगितलं, "मला काम होतं. तो माझ्यासाठी थांबला." खोटं तरी कुठे होतं? थांबला होता तो तिच्यासाठीच. पण खरंही नव्हतं. आईनं, राधाबाईंनी, फक्त एकदा विचारलं, "एवढं काय काम होतं गं?" कल्याणी म्हणाली, "खूप होतं, आई." पुढे आईनं विचारलं नाही.

विहारात पुण्यानुमोदन झालं, भिक्खू येऊन गेले, नातेवाईक आपापल्या घरी परतले. पंधरा दिवसांनी कल्याणी कामावर गेली. कॉम्प्युटर चालूच होता. उघडून बघते तर काय, पंधरा दिवसांचं संभाषण साचलेलं. सहा पाच, निघालीस का. सहा सात, पाच मिनिटं. सहा पंधरा, निघालीस का. सहा सतरा, पाच मिनिटं. रोज रात्री दहापर्यंत. एक माणूस मेलेला, दुसरा घरात तोंड झाकून पडलेला, आणि यांचं आपलं चाललंय. ती बाथरूममध्ये जाऊन ओकली.

तुम्ही म्हणाल, मग काढून का नाही टाकलं? एक ओळ टाइप करायची, खेळ खलास. अहो, ती ओळ तिनं अनेकदा टाइप केली. दादाचं पॅकेज काढायला गेली की यंत्र शिस्तीत विचारायचं: यावर अवलंबून असलेलं आणखी एक पॅकेजही निघेल, पुढे जाऊ? हो की नाही? तिचं बोट 'हो'वर जायचंच नाही. दिवसातून एकदा दादा तिला हाक मारत होता. ती हाक आपल्या हातानं बंद करायची, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारायचं. आणि तिची उत्तरं? ती जाऊन जाऊन जाणार कुठे? मोबाइल तर बॅटरी काढून पोलिसांकडे पडलाय. जात असतील हवेत. कुणाचं काय बिघडतंय?

म्हणून ती सहा पाचचा निरोप बघायची, एक-दोन प्रश्न डोळ्यांसमोर येऊ द्यायची, मग कॉम्प्युटर बंद करायची आणि बसनं घरी जायची. असे तीन महिने.

नोव्हेंबरात मालकाच्या मुलानं, पियुषनं, तिला बोलावलं. ज्या जागेवर ही इमारत उभी होती तिथे त्याच्या आजोबांचा ऊस होता. आता त्याच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि बोलण्यात अर्धी इंग्रजी.

"कल्याणी, मंथ एंडला जुना सर्व्हर बंद. नवीन आलाय. कुठली कुठली पॅकेजेस टाकायची त्याची लिस्ट बनव. फालतू काही नको, ओके? प्रज्ञेशची ती पर्सनल जी काय असतील ती..." तो अडखळला. वाईट नव्हता पोरगा. "म्हणजे तूच बघ काय ठेवायचं ते."

"बघते," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिला ताप भरला आणि ती दुपारीच घरी आली. डोकं ठणकत होतं, कॉम्प्युटर बंद करायचा राहिला. संध्याकाळी जरा बरं वाटलं म्हणून स्वयंपाकघरात आईसमोर बसून ती कणीक मळत होती. दोन्ही हात पिठात. आईनं चहा टाकला, चार कप. बाबा बाहेर पेपर वाचत होते. कल्याणीनं विचारलं, "चौथा कुणाला?" आईनं फडताळ उघडलं, आतून एक मोबाइल काढला आणि कपाशेजारी ठेवला.

काच तडकलेला. दादाचा.

"हा... हा चालू आहे?"

"तू कामावर जायला लागल्यावर पोलिसांनी दिला, तेव्हापासनं चार्ज करते मी. बाजारातल्या त्या दुकानातनं पैसे पण भरते त्यात." आई जरा ओशाळून म्हणाली. "तू रोज त्याला पाठवतेस ना गं. मला माहीत आहे. बोलले नाही तुला. म्हटलं, पोरीला तेवढंच बरं वाटत असेल. मलाही वाटतं. सहा वाजले की मी काढून ठेवते."

भिंतीवरचं घड्याळ सहा सात दाखवत होतं.

मोबाइल वाजला.

आईनं सवयीनं उचलला, वाचला. मग तिनं कल्याणीकडे बघितलं. कल्याणीच्या हातांकडे बघितलं. कणीक कोपरापर्यंत चिकटलेली. कल्याणीचा स्वतःचा मोबाइल बाहेर बाबांच्या शेजारी चार्जिंगला लावलेला.

"पाच मिनिटं," आई वाचून म्हणाली. "कल्याणी, हे तू नाही पाठवलंस."

हीच ती वेळ होती. "आई, ते मशीन पाठवतं" एवढं वाक्य बोलायचं होतं. पण त्याच्या पाठोपाठ आईनं काय विचारलं असतं ते कल्याणीला लख्ख दिसलं. आपोआप जातं? मग त्या दिवशीही आपोआपच गेलं होतं का? ती म्हणाली, "मी नाही पाठवलं."

सहा सतराला पुन्हा वाजला. सहा सत्तावीसला पुन्हा. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मग हळूहळू त्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं. ती भीती नव्हती. आनंद होता.

"तो आहे गं," आई कुजबुजली. "तुझ्या नावानं बोलतोय, पण तोच आहे. पाच मिनिटं म्हणतोय. पाच मिनिटांत येतो म्हणतोय."

त्या घरात भूतखेत, अंगात येणं, गंडेदोरे, काही म्हणून काही मानत नसत. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा हॉलमध्ये फ्रेम करून लावलेल्या होत्या आणि भीमरावांनी विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देऊन देऊन घसा बसवून घेतला होता. आईनं लग्नानंतर कधी लिंबूमिरची दाराला बांधली नाही. आणि आता ती रोज साडेपाचपासून मोबाइलसमोर बसायची. चहा ओतायची. "ये रे," म्हणायची, "किती पाच मिनिटं करतोस? गार होतोय." दार लोटून घेतलेलं तिला चालेना. संध्याकाळी सहा ते सात दार सताड उघडं, डास आत येवोत की मांजर.

चार दिवसांनी बाबांना कळलं की ती शेजारणीबरोबर बोपोडीला कुणा 'बाहेरचं बघणाऱ्या' बाईकडे जाऊन आली. घरात भडका उडाला.

"अहो, ऐकून तरी घ्या..."

"काय ऐकू? जन्मभर ज्याच्याविरुद्ध बोललो, ते माझ्याच घरात? माझ्या पोराला भूत करून टाकलंत तुम्ही!" बोलता बोलता बाबा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मुलगा गेला त्या दिवशीही ते रडले नव्हते. "तो चांगला होता. तो चांगला गेला. त्याला असा दारात ताटकळत ठेवू नका हो."

कल्याणी आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होती. या घराला झपाटलं होतं खरं. कुणी झपाटलं होतं ते फक्त तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिनं आपलं पॅकेज काढलं. दादाचं नाही, फक्त आपलं. दादाचं तिच्यावर अवलंबून नव्हतंच. अवलंबून होती ती. यंत्रानं विचारलं, तिनं हो म्हटलं, दोन ओळी सरकल्या, काम झालं. तिला वाटलं, सुटले. संध्याकाळी दादाचे दोन प्रश्न पडद्यावर आले तेव्हा उत्तरांची नोंद उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी घरी आली तर आई दारातच. "आज पण आला," ती म्हणाली. डोळे चमकत होते. "दोनदा आला."

बसच्या दांड्याला धरावं तशी कल्याणीनं दाराची चौकट धरली. एक क्षणभर, फक्त एकच क्षण, तिनंही मानलं. मग रात्रभर तळमळली आणि पहाटे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अगं मूर्खे! तिनं 'रिमूव्ह' केलं होतं. रिमूव्ह प्रोग्राम काढतं, सेटिंगच्या फायलींना हात लावत नाही. माणूस परत येईल म्हणून त्याची खोली तशीच ठेवावी, तसं सगळं ठेवून देतं. आणि तिच्या त्या चिमूटभर पॅकेजात प्रोग्राम असा नव्हताच, जे काही होतं ते सेटिंगमधला एक नियम होता: प्रश्न आला की हे उत्तर धाड. तो तिथेच बसलेला. सगळं मुळासकट उपटायचं तर 'पर्ज' म्हणावं लागतं. हा तर दादाचा पहिल्या आठवड्यातला धडा. नवशिकंसुद्धा अशी चूक करत नाही. हात चुकला की मनानं चुकवला, कोण जाणे.

शुक्रवारी, साडेपाचला, तिनं पर्ज लिहिलं. या वेळी यंत्रानं सांगितलेला शब्द न् शब्द वाचला. हो म्हटलं. मग यादी काढून बघितली. तिच्या पॅकेजचं नाव कुठेच नव्हतं.

ती खुर्चीत बसून राहिली. ऑफिस रिकामं होत चाललं. खाली टपरीवर गेनबा स्टोव्हला पंप मारत होता, त्याचा आवाज वर येत होता.

सहा पाच. "निघालीस का? – दादा."

तिनं कीबोर्डला हात लावला नाही. सहा सात झाले. काहीच गेलं नाही. खडकीत आता मोबाइल गप्प असेल, आणि आई त्याच्याकडे बघत असेल.

सहा पंधरा. "निघालीस का? – दादा."

सहा पंचवीस. "निघालीस का? – दादा."

आजवर असं कधी झालंच नव्हतं. सुरुवातीला ती स्वतः उत्तर द्यायची, नंतर तिचं पॅकेज द्यायचं. प्रश्न तीनदा आला आणि उत्तर एकदाही गेलं नाही, असा हा पहिला दिवस. आता सहा पस्तीसला चौथ्यांदा तेच येणार, म्हणून ती पडद्याकडे बघत बसली.

सहा पस्तीस.

"बरं. तू कामात दिसतेस. मी पुढे होतो. सावकाश ये, बसनं आलीस तरी चालेल. – दादा."

तिनं ते वाचलं. परत वाचलं. ही वाक्यं तिनं जन्मात पाहिली नव्हती. मानेवर कुणाचा तरी श्वास लागावा तशी ती दचकून वळली. मागे कुणी नव्हतं. दादाची खुर्ची होती, रिकामी.

मग तिनं दादाचं पॅकेज उघडलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा आत शिरून, ओळ न् ओळ वाचलं. आणि बदलांच्या नोंदीत, दोन वर्षांपूर्वीच्या एका तारखेखाली, तिला त्याच्या हातचं सापडलं: "तीनदा विचारून उत्तर आलं नाही तर एक निरोप ठेवून आपण निघावं. ती कामात असते, तिला सारखं टोकू नये. आपल्यालाही एसएमएस करावा, म्हणजे टपरीवर बसून राहायला नको."

म्हणजे तिनं काहीच केलं नसतं तर. नुसती गप्प बसली असती तर. ते पॅकेज बांधलंच नसतं, तर सहा पस्तीसला दादाच्या मोबाइलवर "नीघ" असं आलं असतं, त्यानं किक मारली असती, आणि तो टँकर मागे येईपर्यंत तो खडकीच्या घरात पाय धूत असता. कल्याणीनं टेबलावर डोकं टेकलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून जिन्यातला वॉचमन धावत वर आला.

ती घरी पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. दार उघडंच होतं. आई मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली, बाबा खिडकीपाशी.

"आज आला नाही," आई म्हणाली. आवाजात नुसती हवा होती. "एकदाही नाही. साडेसहानंतर नुसतं 'नीघ' असं आलं. कल्याणी, तो गेला का गं?"

कल्याणीनं खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. बसली असती तर बोलू शकली नसती. मशीन कुणी केलं, का केलं. गुरुवारी तीन वाजता ती कुठे गेली. सहा पाचला रिक्षात ती काय विचार करून हसली, तेही सांगितलं. आज सहा पस्तीसला काय आलं तेही शब्द न् शब्द सांगितलं. कुठलंही वाक्य गिळलं नाही.

बाबांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

"म्हणजे साडेसहाला तो निघाला असता," शेवटी आई म्हणाली.

"हो."

"आणि तू वर नव्हतीस."

"नव्हते, आई."

"कुणीच नव्हतं?"

"नाही. कुणीच नव्हतं."

आईनं मान हलवली. मोबाइल उलटा केला, नखानं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली. रडली नाही. "मी मनाची समजूत घालत होते," ती म्हणाली, "की जाऊ दे, पोरगी वर मान मोडून काम करत होती, हा खाली तिच्यासाठी थांबला होता. दोघं एकमेकांसाठी होती. तेवढ्यावर मी दिवस काढले गं. आणि तो एका रिकाम्या खुर्चीसाठी बसून होता."

कल्याणी उभीच होती. मारलं असतं तर बरं वाटलं असतं तिला.

"ती नोकरी," आई म्हणाली. "लागली का?"

कल्याणीला आधी कळलंच नाही काय विचारलं ते. मग ती म्हणाली, "लागली होती. पत्र आलं होतं. मी गेले नाही."

"जायचं होतंस," आई म्हणाली. "त्या दिवशी निघालेलं निदान एक तरी माणूस पोचलं असतं."